आला का?

"आला का?"

एवढाच मेसेज यायचा. ना नमस्कार, ना कसा आहेस. मी उत्तर द्यायचो, "नाही रे." मग महिनाभर शांतता. मग कधीतरी माझा मेसेज, "आला का?" आणि त्याचं उत्तर, "कुठला!" काही वर्षं आमची मैत्री जवळपास या दोन ओळींवर तगून होती. तिसऱ्या कुणी ते वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, यांचं कुणीतरी परगावी अडकलंय, नाहीतर कसलातरी निकाल लागायचाय. आम्ही वाट पाहत होतो एका व्हिडिओ गेमची. तसा तो गेम आलेला होता, येऊन जुनाही होत चालला होता, विंडोजवर लोकांनी दोन-दोनदा संपवून टाकला होता. आम्हाला तो लिनक्सवर हवा होता, म्हणजे विंडोजऐवजी आम्ही वापरायचो त्या फुकट, खुल्या सिस्टीमवर.

गेमचं नाव सांगत नाही. ज्यांनी तो बनवला त्यांच्याशी माझं आता काही भांडण उरलेलं नाही. शिवाय लिनक्सवर गेम खेळायची हौस ज्यानं ज्यानं धरली, त्याच्याकडे असं एक नाव असतंच. ते त्यानं इथे घालून घ्यावं.

त्या गेमच्या माहितीत खाली एक ओळ होती: लिनक्स आवृत्तीचं काम सुरू आहे. 'सुरू आहे' या दोन शब्दांत किती काळ मावतो याचा मी बराच अभ्यास केला. 'लवकरच' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, कारण 'लवकरच'वर कुणाचाच विश्वास नसतो. 'सुरू आहे' मात्र खरं वाटतं. कुणीतरी कुठेतरी बसून काम करतंय, त्याच्या टेबलावर दिवा चालू आहे, असं डोळ्यासमोर येतं. एके दिवशी पाहिलं तर ती ओळच नव्हती. रद्द झालं, जमलं नाही, माफ करा, असं काहीही नाही. ओळ होती तिथे नव्हती आणि खालचा मजकूर वर सरकला होता. मी ते पान पुन्हापुन्हा रिफ्रेश केलं. जसं काही ओळ लाजून आत गेली असेल आणि हाक मारली की बाहेर येईल.

असं होणारे आम्ही पहिले नव्हतो. 'अनरिअल टूर्नामेंट'च्या २००३ आणि २००४ या दोन्ही भागांच्या लिनक्स आवृत्त्या होत्या, त्यामुळे २००७च्या नोव्हेंबरात तिसरा भाग आला तेव्हा लिनक्सवाले निर्धास्त होते. आवृत्ती येणार असं सांगितलंही गेलं होतं. काम ज्याच्याकडे होतं तो रायन गॉर्डन, म्हणजे 'इक्युलस', या क्षेत्रातला सगळ्यात भरवशाचा माणूस. त्यानं किती गेम लिनक्सवर आणले याची मोजदाद करणं अवघड आहे. तरी घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. ती आवृत्ती कधीच आली नाही. वाट पाहणाऱ्यांपैकी काहींना मुलं झाली असतील, त्यातली काही आता स्वतःचे गेम खेळत असतील.

मग या सगळ्या काळात आम्ही खेळत नव्हतो का? खेळत होतो की. त्यासाठी ड्युअल बूट होतं.

ज्यांनी हा प्रकार केला नाही त्यांना सांगतो. हार्ड डिस्कचे दोन वाटे करायचे, एकात लिनक्स, दुसऱ्यात विंडोज. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टीम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू येतो आणि खाली आकडे उलटे पळू लागतात: दहा, नऊ, आठ. तेवढ्यात ठरवायचं की आज आपण कोण. ठरवलं नाही तर आपोआप लिनक्स. गेमसाठी मी बाणाची कळ खाली-खाली दाबत विंडोजच्या ओळीवर जायचो. आणि दोन महिन्यांनी एकदा उघडलेलं विंडोज माझं स्वागत कसं करणार? साठलेल्या अपडेटांनी. तासाभराची फुरसत काढून बसावं आणि त्यातली चाळीस मिनिटं निळ्या पडद्यावर टक्के चढताना पाहण्यात जावीत. उरलेल्या वीस मिनिटांत गेमचं स्वतःचं अपडेट.

त्याहून मजेची गोष्ट घड्याळाची. खेळून झालं, परत लिनक्समध्ये आलो, की घड्याळ काही तासांनी चुकलेलं असायचं. कारण साधं आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि दाखवताना आपली करून दाखवतं. विंडोज त्याच घड्याळात थेट स्थानिक वेळ लिहितं. एका खोलीत दिवसपाळी-रात्रपाळीचे दोन भाडेकरू राहतात, भिंतीवर घड्याळ एकच, आणि प्रत्येक जण आल्या आल्या ते आपल्या मनासारखं लावून घेतो, तसं. एका ओळीची सेटिंग केली की हे थांबतं. मी मुद्दाम करत नव्हतो. चुकलेलं घड्याळ पाहिलं की कळायचं, काल आपण खेळलो होतो.

"मग सरळ विंडोजच का नाही वापरत?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की त्याचं मी एक तयार उत्तर करून ठेवलं होतं, त्यात मोकळेपणा, स्वातंत्र्य, खाजगीपणा असे चांगले चांगले शब्द होते. खरं उत्तर थोडं लाजिरवाणं आहे. माझ्या सगळ्या फाइली, सगळ्या सवयी, बोटांना पाठ झालेले सगळे शॉर्टकट इकडे होते. आणि गेमसाठी घर बदलायचं नाही, गेमनं आपल्या घरी यावं, असा एक ताठा होता. ताठा कुणाच्या जिवावर, तर जगातल्या एक टक्का लोकांच्या.

ते एक टक्क्याचं गणित सगळ्यांना पाठ आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या पाहणीत वर्षानुवर्षं लिनक्सचा वाटा टक्क्याच्या आसपास घुटमळत होता. गेम बनवणारे म्हणायचे, तुमच्याकडे माणसं नाहीत, आम्ही गेम का आणावा? माणसं म्हणायची, तिकडे गेम नाहीत, आम्ही का यावं? वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.

आणि पोर्ट करणं, म्हणजे एका सिस्टीमवरचा गेम दुसरीवर आणणं, हे बटण दाबलं आणि झालं, असं नसतं. हे मला एका दारानं शिकवलं.

एक छोटासा गेम लिनक्सवर आला होता, अगदी अधिकृत. आल्या दिवशी घेतला. तिसऱ्या टप्प्यात एका खोलीला दार होतं, आणि दाराच्या जागी होती जांभळ्या-काळ्या चौकोनांची एक पाटी. दाराचं चित्र गेमला सापडत नव्हतं. विंडोजवर तेच दार व्यवस्थित होतं. मला तेव्हा वेळही होता आणि हट्टही. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलं आणि एस-ट्रेस लावलं. हे हत्यार प्रोग्रामच्या मागोमाग फिरतं आणि त्यानं सिस्टीमकडे काय काय मागितलं ते एकेक ओळ करून सांगतं. हजारो ओळी धबधब्यासारख्या गेल्या. त्या फाइलीत ओतून घेतल्या आणि शोधत बसलो. शेवटी सापडली: गेम 'डोअर' नावाची फाइल मागत होता, त्यातला 'डी' कॅपिटल. डिस्कवर फाइल होती, तिचा 'डी' स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखेच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं आहेत, दोन वेगळ्या माणसांइतकी वेगळी, म्हणून त्यानं इमानदारीत सांगितलं: अशी फाइल नाही. (देवनागरीत मोठं अक्षर, लहान अक्षर ही भानगडच नाही. त्यामुळे हा घोटाळा आपल्या लिपीत घडूच शकला नसता, याचं मला तेव्हा उगाच समाधान वाटलं होतं.)

एका कमांडनं मी लहान 'डी'च्या फाइलीला मोठ्या 'डी'चं टोपणनाव दिलं आणि गेम पुन्हा चालू केला. दार आलं. साधं लाकडी दार, दोन फळ्या, एक कडी. त्या दाराकडे मी जितका वेळ पाहत बसलो तितका वेळ ते रंगवणाऱ्यानंही पाहिलं नसेल. बनवणाऱ्यांना कळवलं, पुढच्या अपडेटमध्ये त्यांनी ते दुरुस्त केलं. माझ्या आयुष्यात गेमिंगमध्ये मिळवलेलं यश म्हणून मी आजही त्या दाराकडे बोट दाखवतो.

पण हे झालं एक अक्षर. खरी अडचण डायरेक्टथ्रीडीची. विंडोजवरचा गेम ग्राफिक्स कार्डाशी ज्या भाषेत बोलतो ती मायक्रोसॉफ्टची भाषा, आणि लिनक्सवर ती कुणी बोलत नाही. मग ते सगळं ओपनजीएल या लिनक्सला कळणाऱ्या भाषेत पुन्हा लिहा. आवाजासाठी कधी ओएसएस, कधी अल्सा, कधी पल्सऑडिओ. आपण एकाशी जुळवून घ्यावं तोवर डिस्ट्रोंनी, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांनी, दुसऱ्याशी संसार थाटलेला. ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर तर विचारूच नका. अपडेटनंतर मशीन चालू करावं आणि काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत असावा, हा अनुभव नसलेला लिनक्सवाला मला अजून भेटायचाय. एवढं सगळं करायचं ते एक टक्क्यासाठी, आणि त्या एक टक्क्याची तक्रारी लिहिण्याची ताकद विंडोजवाल्यांच्या दसपट. मी त्या कंपनीत हिशोब पाहणारा असतो तर ती ओळ मीच काढून टाकली असती. मात्र खाली एक वाक्य लिहिलं असतं.

तरीही काही लोकांनी हे करून दाखवलं, आणि फार आधी. 'डूम' डिसेंबर १९९३चा. त्याची लिनक्स आवृत्ती १९९४ मध्येच आली, आयडी सॉफ्टवेअरमधल्या डेव्ह टेलरनं केलेली. तिची पुढची गोष्ट मला फार आवडते. १९९७च्या डिसेंबरात 'डूम'चा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला झाला. मूळ डॉसच्या आवृत्तीत आवाजासाठी दुसऱ्याच कुणाची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, होती, तिचे हक्क त्यांचे नव्हते, म्हणून तो कोड देता येईना. मग दिला कुठला? लिनक्सचा. आज 'डूम' कॅल्क्युलेटरपासून प्रिंटरपर्यंत कशावरही चालवून दाखवतात, त्या सगळ्या वंशाचं मूळ त्या लिनक्स आवृत्तीत आहे. वेशीवर उभं केलेलं पोर घराण्याचा मूळपुरुष निघालं.

लोकी सॉफ्टवेअरची गोष्ट याच्या उलटी. १९९८ मध्ये स्कॉट ड्रेकरनं काढलेली ही कंपनी दुसऱ्यांचे गेम लिनक्सवर आणून विकायची, तोच तिचा धंदा. १९९९ मध्ये 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर', मग 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३', 'सिमसिटी ३०००' असे एकेक खणखणीत गेम. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद पडली. ती बुडाली, पण हत्यारं उरली. तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगाची एसडीएल लायब्ररी आज असंख्य गेमच्या पोटात आहे. रायन गॉर्डनही तिथलाच.

त्यानंतरची आठ-दहा वर्षं आमची भाकड गेली. टक्स रेसर, फ्रीसिव्ह, वेसनॉथ हे आपले घरचे गेम होते, आणि वेसनॉथवर मी किती रात्री घालवल्या ते सांगण्यासारखं नाही. पण घरचं ते घरचं. आम्हाला बाहेरच्यांनी आमंत्रण द्यायला हवं होतं.

हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते २०१० मध्ये, हंबल बंडल निघालं तेव्हा. चार-पाच छोटे गेम, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर, किंमत तुम्ही ठरवा. कोणत्या सिस्टीमवाले सरासरी किती देतात ते पानावर सगळ्यांसमोर दिसत होतं. लिनक्सवाल्यांची सरासरी सगळ्यांत वर, विंडोजवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त. जे लोक फुकट मिळणारी सिस्टीम वापरतात म्हणून चिकट समजले जायचे, तेच. मीही दिले, ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त, आणि त्यातले दोन गेम आजपर्यंत उघडलेले नाहीत. ते पैसे गेमचे नव्हतेच. ती हजेरी होती.

मग २०१२ उजाडलं. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूवेल विंडोज ८ला आपत्ती म्हणाले आणि त्यांची माणसं लिनक्सच्या कामाला लागली. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी एक आकडा जाहीर केला, तो मला अजून पाठ आहे. 'लेफ्ट फोर डेड २' लिनक्सवर पहिल्यांदा चालवला तेव्हा सेकंदाला सहा फ्रेम. म्हणजे गेम नव्हे, स्लाइड शो. काम करून करून तो आकडा नेला ३१५ वर. त्याच मशीनवर विंडोज ७ मध्ये २७०.६. मी मित्राला फोन करून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पॉइंट सहासुद्धा वाच." मी परत वाचलं.

१४ फेब्रुवारी २०१३ला लिनक्सवरचं स्टीम अधिकृतपणे आलं. पुढची तीन वर्षं आमचे दिवस होते. 'डोटा २' आला, 'काउंटर-स्ट्राइक'चा नवा भाग आला, 'सिव्हिलायझेशन ५' आणि 'एक्सकॉम' २०१४ मध्ये, फेरल इंटरॅक्टिव्हनं केलेला 'टूम रेडर' २०१६ मध्ये. गेमच्या नावापुढे स्टीमचं छोटं चिन्ह दिसलं की आपल्याला चालतो. याच भरात आमच्या गेमखाली ती 'सुरू आहे'ची ओळ आली होती, आणि भर ओसरल्यावर गेली. नोव्हेंबर २०१५ मध्ये निघालेली स्टीम मशीन, म्हणजे लिनक्स घातलेले गेमचे संगणक, फारशी कुणी घेतली नाहीत. पोर्ट पातळ होत गेले. काही तर येऊन परत गेले: 'रॉकेट लीग' २०१६ मध्ये लिनक्सवर आला आणि २०२० मध्ये आधार काढून घेतला गेला. न येण्यापेक्षा हे वाईट की बरं, यावर मित्राचं आणि माझं एकमत झालं नाही.

आता त्या माणसाबद्दल, ज्यानं वाट पाहिली नाही.

वाइन नावाचा प्रकल्प १९९३पासून चालू होता. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवून दाखवणारा. त्याची १.० आवृत्ती यायला २००८चा जून उजाडला, पंधरा वर्षं. मी वाइनवर बरंच काही चालवलं, पण ती दुधाची तहान ताकावर. मेन्यू यायचा, आत गेलं की आकाश काळं, पाणी गायब, नायकाचं डोकं धडापासून वीतभर लांब. मग फिलिप रेबोले या माणसाला 'नीअर: ऑटोमाटा' लिनक्सवर खेळावासा वाटला. त्यानं कुणाला निवेदन दिलं नाही, कुठे सही केली नाही. त्यानं एक दुभाषा लिहिला. गेम डायरेक्टथ्रीडीत जे म्हणतो ते उभ्या उभ्या वल्कन या दुसऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत सांगणारा, आणि वल्कन तर २०१६पासून लिनक्सवरही होतंच. डीएक्सव्हीके हे त्याचं नाव. व्हॉल्व्हनं ते वाइनला जोडलं, वरून आणखी मेहनत घेतली आणि २१ ऑगस्ट २०१८ला प्रोटॉन म्हणून स्टीममध्येच घालून दिलं. सुरुवातीला खात्रीच्या यादीत २७ गेम होते. त्यांत 'नीअर' होता. आमचा नव्हता. पण सेटिंगमध्ये एक खूण केली की यादीबाहेरचा कुठलाही गेम आपल्या जबाबदारीवर चालवून पाहता यायचा.

मी खूण केली. एवढी वर्षं माझ्या लायब्ररीत राखाडी होऊन पडलेलं ते बटण निळं झालं. रात्रभर डाउनलोड. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर, कपडेही न बदलता, चालू केला. काळा पडदा. बराच वेळ काळा पडदा. मी सवयीनं टर्मिनलकडे हात नेला तोच एक लोगो आला, मग दुसरा, मग संगीत, मग मेन्यू. मी मेन्यूवरच थांबलो, ते संगीत फिरून दुसऱ्यांदा सुरू होईपर्यंत. मग मित्राला मेसेज केला: "आला."

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं.

"कोण?"

त्याचं बरोबर होतं. मधल्या काळात त्यानं कन्सोल घेतला होता, मग मुलगी झाली आणि कन्सोलवर धूळ बसली. आम्ही एकमेकांना तो प्रश्न विचारायचं कधी बंद केलं ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मी समजावून सांगितलं. "अरे वा," तो म्हणाला, "खेळ मग."

खेळलो. त्या पहिल्या संध्याकाळी चाळीस मिनिटं. नायक एका नदीकाठी उभा होता, सूर्य मावळत होता, गवत हलत होतं, विंडोजवाले ज्याचं वर्णन करून करून थकले ते सगळं समोर होतं. मी पाहत होतो डाव्या कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा. अठ्ठावन्न. एकसष्ट. साठ. झाडांकडे वळलो की त्रेपन्न. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली त्या नदीकडे माझं लक्षच नव्हतं. तो गेम मी अजून संपवलेला नाही. दर वर्षी सुरू करतो, त्या नदीपर्यंत जातो आणि सेटिंग बदलत बसतो.

एकदा त्या गेमच्या पोटात शिरून पाहिलं. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक वेगळा फोल्डर बनवतं आणि त्यात अख्खं विंडोज असल्याचा देखावा उभा करतं. सी ड्राइव्ह आहे. त्यात 'प्रोग्राम फाइल्स' आहे, 'विंडोज' आहे, 'यूजर्स'मध्ये 'स्टीमयूजर' नावाचा एक मनुष्य राहतो, त्याचं 'डॉक्युमेंट्स' आहे. नाटकाच्या नेपथ्यातल्या घरासारखं, पुढून दार-खिडक्या सगळं, मागे गेलं तर नुसत्या पट्ट्या आणि खिळे. गेमच्या लॉगमध्ये पाहिलं तर त्यानं मशीनची माहिती प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती. ऑपरेटिंग सिस्टीम: विंडोज १०.

म्हणजे तो आला होता, पण कुणाच्या घरी आलोय हे त्याला ठाऊक नव्हतं. प्रोटॉनवर खेळलेला गेम विक्रीच्या हिशोबात लिनक्सच्या खात्यावर धरला जातो, असं व्हॉल्व्हनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा हजेरी लागते, तक्रारीला जागा नाही. तरी त्या लॉगमधली ती ओळ वाचून मला जे वाटलं ते नेमकं काय होतं ते मी अजून शोधतोय. अपमान नक्कीच नाही. सगळ्यांशी छान गप्पा मारून निघालेल्या पाहुण्यानं जाताना आपल्याला दुसऱ्याच नावानं हाक मारावी आणि आपण 'हो, या पुन्हा' म्हणावं, तसलं काहीतरी.

त्याहून मोठा धक्का खऱ्या पोर्टांनी दिला. परवा जुना गेम खेळावासा वाटला, त्या चांगल्या दिवसांतला, अस्सल लिनक्स आवृत्तीचा. चालेना. ज्या लायब्रऱ्यांवर तो उभा होता त्या केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या आणि त्याच्याकडे पुन्हा बघणारं कुणी उरलं नव्हतं. तासभर खटपट केली. मग गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलो, तिथे एक चौकोन आहे: अमुक प्रोटॉनच वापरा. त्यावर खूण केली. स्टीमनं लिनक्सची आवृत्ती पुसली, विंडोजची उतरवली आणि तो गेम पहिल्या झटक्यात चालला. मंडळींमध्ये एक जुना विनोद आहे की लिनक्सवर सगळ्यात टिकाऊ काही असेल तर ते विंडोजचे प्रोग्राम. मी त्यावर पुष्कळदा हसलोय. त्या रात्री ती खूण करताना मात्र आजूबाजूला कुणी पाहत नाही ना, असं उगाच वाटलं. कुणीतरी महिनोन्महिने खपून ती आवृत्ती केली असेल. कॅपिटल 'डी' आणि स्मॉल 'डी' शोधले असतील.

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी २०१२ मध्येच यावर लिहिलं होतं: असे बंदिस्त गेम लिनक्सवर येण्यानं लोक इकडे येतीलही, पण स्वातंत्र्य शिकवायचं तर हे उलटंच शिकवणं आहे. तेव्हा मी चिडलो होतो. माणसाला जरा खेळूही देत नाहीत, म्हणून. आता 'डूम' आठवतो आणि त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतो, अजून पूर्ण पटत नसलं तरी. खुला झाला तो टिकला. बाकीचे आले, मिरवले, गेले.

बाकी बातमी आता चांगलीच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा व्हॉल्व्हचा संगणक लोकांच्या हातात पडला, त्याच्या आत लिनक्स आहे, आणि तो खेळणाऱ्या कित्येकांना ते माहीतही नाही, माहीत असायची गरजही नाही. २०२५ मध्ये स्टीमच्या पाहणीत लिनक्सनं तीन टक्क्यांची रेघ ओलांडली. तीन टक्के. आकडा पाहून मी एकटाच खुर्चीत बसून हसलो. गेल्या वर्षी मी विंडोजचा वाटाही पुसून टाकला. चार वर्षांत तिकडे एकदाही गेलो नव्हतो. ग्रबचा मेन्यू बंद केला. मशीन सरळ चालू होऊ लागलं, घड्याळ कायम बरोबर.

आणि परवा सुट्टीत भाचा आला. त्याचे सगळे मित्र एक ऑनलाइन गेम खेळतात, त्यालाही तो हवा होता. मी ऐटीत म्हटलं, बस, आत्ता चालू करून देतो. नाही चालला. त्या गेमबरोबर अँटी-चीट येतं, म्हणजे कुणी लबाडी करतंय का ते पाहणारा पहारेकरी, आणि हा पहारेकरी थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, जाऊन बसतो. नेपथ्यातल्या घरात त्याला बसायला जागाच नाही. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडलं खरं, पण ते उघडायचं की नाही हे प्रत्येक गेमवाल्यानं ठरवायचं. कुणी उघडलं, कुणी नाही. 'एपेक्स लेजेंड्स'नं तर उघडलेलं दार २०२४च्या ऑक्टोबरअखेर लबाडीचं कारण देऊन परत लावून घेतलं.

यातलं बरंचसं मी भाच्याला समजावून सांगत होतो. कर्नल म्हणजे काय इथपर्यंत आलो होतो.

"मामा, पण येणार आहे का तो?"

माझ्या तोंडात 'काम सुरू आहे' आलं होतं. आलेलं गिळलं. त्याची सुट्टी चार दिवसांची होती.

रात्री तो झोपल्यावर डिस्कवर जागा केली, पेन ड्राइव्ह शोधून काढला, विंडोज टाकलं. ग्रब परत आणलं. अपडेटं होईस्तोवर एक वाजला. चारही दिवस तो मनसोक्त खेळला. काळ्या पडद्यावर आकडे उलटे पळू लागले की तो माझ्याआधी बाणाची कळ दाबायचा. तो गेला त्या रात्री मी मशीन लिनक्समध्ये चालू केलं. कोपऱ्यात पाहिलं. घड्याळ काही तासांनी चुकलेलं होतं.